पोट लहान झाले, पान तेवढेच!

- प्रतिनिधी

लग्नाचा हंगाम असो वा गणपतीचे दिवस, पाहुण्याच्या पानात 'अजून एक' वाढल्याशिवाय आपल्याकडे यजमानाचे समाधान होत नाही. 'नको' या शब्दाला पंगतीत नकार समजण्याची पद्धत नाही. उलट त्याने आग्रहाला जोर चढतो. अशा पंगतीत एखादा चाळिशीतला गृहस्थ अर्धी पोळी व दोन चमचे उसळ खाऊन थांबतो, पाण्याच्या भांड्याला हातही लावत नाही, तेव्हा भोवतालच्या नजरा त्याच्याकडे वळतात. 'तब्येत बरी नाही का?' येथपासून 'एवढ्याने काय होते?' येथपर्यंत प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्याच्या जठराचा तीन-चतुर्थांश भाग शल्यविशारदाने काढून टाकलेला आहे, हे पंगतीला ठाऊक नसते. ठाऊक असले तरी आग्रह थांबतोच असे नाही.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आता शहरी मध्यमवर्गाला अपरिचित राहिलेली नाही. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, तर तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये ती करून घेतली, तेव्हा तिची चर्चा घरोघरी पोहोचली. पुढे २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा ठरवून दिली. बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) ४० किंवा त्याहून अधिक असलेले, अथवा ३५ असून गंभीर सहव्याधी असलेले रुग्ण काही अटींवर विम्याच्या कक्षेत येऊ शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. गरजही वाढतेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आहेत. शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांवर गेले आहे. मात्र शस्त्रक्रियेची जेवढी चर्चा होते, तेवढी तिच्यानंतरच्या वर्षांची होत नाही. खरी परीक्षा असते ती त्याच वर्षांची.

शस्त्रक्रियेने काय साधते?

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक ठेवली जाते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींमध्ये केवळ जागा कमी होते असे नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात प्रामुख्याने तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने अनेकांना भूकच लागत नाही. वजन भराभर उतरते, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जुने कपडे सैल पडतात. रुग्णाला वाटते, लढाई जिंकली.

प्रत्यक्षात ही मिळालेली सवलत असते, आणि तिला मुदत असते. साधारणत: वर्ष-दीड वर्षानंतर भूक हळूहळू परतू लागते व पूर्वीपेक्षा थोडे अधिक अन्न सामावू लागते. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास याबाबत बोलका आहे. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के घटलेले होते; दहा वर्षांनी ही घट १७ टक्क्यांवर आली आणि वीस वर्षांनी १८ टक्के होती. शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या वजनात मात्र या काळात जवळपास फरक पडला नाही. त्या काळच्या पद्धती आजच्याहून वेगळ्या असल्या, तरी यातून दोन गोष्टी दिसतात. शस्त्रक्रियेचा लाभ खरा व टिकाऊ आहे; आणि त्यातील काही वाटा परत जातोच. तो किती जाणार, याचे उत्तर बऱ्याच अंशी स्वयंपाकघरात दडलेले असते.

ताटाचा उलटा क्रम

शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, नंतर मऊ आणि काही आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम सांगितला जातो. त्यापुढचे नियम आयुष्यभराचे असतात. घास लहान घ्यावा, तो पूर्ण चावावा, जेवणासोबत पाणी पिऊ नये व जेवणानंतर अर्धा तास थांबावे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत.

हा शेवटचा नियम मराठी घरात, विशेषत: शाकाहारी घरात, सर्वांत कठीण ठरतो. वाटीभर शिजलेल्या वरणातून जेमतेम पाच-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, एका अंड्यातून सुमारे सहा. पोटात जागाच वाटीभर असेल, तर ती कशाने भरायची याचा हिशेब मांडावाच लागतो. म्हणून आधी पनीर, दही, अंडे, मासे किंवा घट्ट उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळी-भात, असा क्रम ठेवावा लागतो. वरणभाताने सुरू होणाऱ्या आपल्या पानाचा हा नेमका उलटा क्रम आहे. उपवासाच्या दिवशी तर अडचण दुणावते. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्टच अधिक; शेंगदाण्याच्या कुटाने प्रथिनांची उणीव भरून निघत नाही. उपवास सोडायचा नसेल, तर दही-ताक-दुधाचा आधार घेणे श्रेयस्कर.

लहानपणापासून अंगी मुरलेला 'पानात टाकू नये' हा संस्कारही येथे आड येतो. अन्नाचा मान राखणारी ही शिकवण चांगलीच. पण लहान झालेल्या जठरात एक घास जास्त गेला, तरी छातीत दाटते, उलटी होते. म्हणून पानात टाकू नये यापेक्षा पानात कमी घ्यावे, हे शिकावे लागते आणि वाढणाऱ्या हातालाही शिकवावे लागते.

निर्धार कुठे ढळतो?

शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती पुन्हा जाड होऊ लागली, की 'जिभेवर ताबा नाही' असा निकाल दिला जातो. तो अन्यायाचा आहे. मुळात वजन परतण्याची वाट बहुधा मोठ्या जेवणातून जातच नाही. कोरडी पोळी, फडफडीत भात वा जून मटण छोट्या जठरात अडकते, त्रास देते. चहात बुडवलेले बिस्कीट, फरसाण, आइस्क्रीम, मिल्कशेक मात्र सहज उतरतात. ज्याने त्रास होत नाही तेच खावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. मग कचेरीत दर दोन तासांनी चहा-बिस्किटे, संध्याकाळी मूठभर शेव, असे दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकणे सुरू होते. जठर लहानच राहते, उष्मांक मात्र मोठे होतात. बायपास झालेल्यांपैकी अनेकांना गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब होतात, ज्याला 'डम्पिंग' म्हणतात. तो त्रास एका अर्थी राखणदार ठरतो. स्लीव्हनंतर हा राखणदार बहुधा तेवढा जागा नसतो.

आणखी एक धोका तराजूवर दिसत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. पण वजन उतरले की रुग्ण त्या थांबवतो. सतत उलट्या होत असतील, तर बी-१ च्या अभावाने काही आठवड्यांत मज्जातंतूंना इजा होऊ शकते. बायपासनंतर मद्य झपाट्याने रक्तात चढते, त्याच्या आहारी जाण्याचा धोकाही वाढतो. म्हणूनच वर्षातून एकदा तरी रक्ततपासणी व आहारतज्ज्ञाची भेट टाळू नये.

हाच धडा आता दुसऱ्या मार्गाने समोर येत आहे. २०२५ मध्ये मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे वजन घटवण्यासाठीचे इंजेक्शन भारतीय बाजारात आले. शस्त्रक्रियेला पर्याय सापडल्याची भावना त्यामुळे पसरली. परंतु सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. सुरी असो वा सुई, स्थूलता हा जुनाट आजार आहे आणि त्याचे उपचार एका दिवसात संपत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

आपली व्यवस्था मात्र त्या एका दिवसाभोवतीच उभी आहे. विमा शस्त्रक्रियेचा खर्च देतो. पुढच्या पाच वर्षांतील आहारसल्ला, प्रथिनांची भुकटी, समुपदेशन आणि गोळ्यांचा भार बहुतांशी रुग्णाच्या खिशावर पडतो. रुग्णालयांच्या जाहिरातींत 'आधी' व 'नंतर'ची छायाचित्रे शेजारी शेजारी झळकतात. त्यानंतरच्या पाचव्या वर्षीचे छायाचित्र क्वचितच दिसते. शस्त्रक्रियेच्या दरातच दीर्घ पाठपुराव्याचा समावेश करणे आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनाला बोलावणे, या दोन गोष्टी अवघड नाहीत.

उरतो तो पंगतीचा प्रश्न. निर्धार एकट्याच्या बळावर फार काळ तग धरत नाही. रोज तीन वेळा घरच्यांशीच झगडावे लागले तर मुळीच नाही. पथ्य एकाचे असले, तरी ते पाळायचे असते साऱ्या घराने. पुढच्या वेळी शेजारच्या पानावरून 'नको' ऐकू आले, तर वाढणाऱ्याने हात आवरावा. काही माणसांसाठी तोच मोठा पाहुणचार असतो.