गणित सोडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी एक प्रसंग घडतो, आणि तो इतका लहान असतो की त्याची कोणी नोंद ठेवीत नाही. अकरावीचा प्रवेश घ्यावयाचा असतो. 2025 सालापासून साऱ्या महाराष्ट्रात हा प्रवेश संगणकावरून होतो. वडील कामावर गेलेले असतात, आई दारात उभी असते आणि शेजारचा, थोडा पुढे शिकलेला मुलगा पत्रक भरावयास बसलेला असतो. तो विचारतो, “गणित ठेवायचे का?” मुलगी म्हणते, “नको, अवघड आहे.” एवढ्यावर प्रश्न मिटतो.

वाचकहो, तो प्रश्न मिटत नाही, याची आम्ही आपणांस जाणीव करून देऊ इच्छितो. त्या एका उत्तराने पुढील दहा वर्षांतील कित्येक वाटा बंद होतात. त्या कोणत्या, हे मुलीस ठाऊक नसते, आईस नसते, आणि पत्रक भरणाऱ्यासही बहुधा नसते.

डॉ. बाबासाहेबांना विद्यार्थिदशेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांस तो विषय घेऊ दिला गेला नाही आणि फारशी घ्यावी लागली. ते दार दुसऱ्यांनी बंद केले होते व त्याची चीड त्यांना जन्मभर होती. आज गणिताचा विषय आपल्या मुलास कोणी नाकारीत नाही. भयाने, किंवा कोणाच्या तरी अर्धवट सल्ल्याने, आपणच त्यावर काट मारतो. मग चीड तरी कोणाची करावयाची?

कोणत्या शिक्षणास किती गणित लागते, हे म्हणून नीट पाहिले पाहिजे. अभियांत्रिकीचे सर्वांस ठाऊक आहे, तरी त्याचे माप ठाऊक नसते. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत या गटास 200 गुण असतात. त्यांपैकी 100 एकट्या गणिताचे, आणि उरलेल्या 100 मध्ये पदार्थविज्ञान व रसायन मिळून. अर्धी परीक्षा गणिताचीच झाली. प्रवेश मिळाला म्हणजे गणित सुटले असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात बहुतेक शाखांस पहिली चारही सत्रे अभियांत्रिकी गणित होते. मार्च 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीचे गणित काही शाखांसाठी ऐच्छिक करण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांस वाटले की आता गणितावाचून इंजिनिअर होता येईल. दारावरची अट सैल झाली एवढेच. आतला अभ्यास तोच राहिला. जो मुलगा बारावीचे गणित न करता आत जातो, त्यास दोन वर्षांचे राहिलेले ओझे पहिल्याच सत्रात उचलावे लागते.

दहावीनंतर पदविकेची, म्हणजे पॉलिटेक्निकची, वाट आहे. तिच्यातून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो व बारावी करावी लागत नाही. गरीब घरास ही वाट फार सोयीची. पण तेथेही पहिल्याच वर्षी गणित आहे.

आता वैद्यकाकडे वळू. ‘डॉक्टर व्हायचे आहे, मग गणित कशाला?’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकून हसू येईनासे झाले आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस गणिताची अट नाही, हे खरे. परंतु तिच्या 720 गुणांपैकी 180 पदार्थविज्ञानाचे आहेत, आणि पदार्थविज्ञानाचे प्रश्न आकडेमोडीवाचून सुटत नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की या परीक्षेस बसणाऱ्या लाखो मुलांपैकी बहुतेकांस जागा मिळत नाही. ज्याने जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले त्यास दुसरी वाट उरते. ज्याने टाकले त्याची वाट अरुंद होते. चारही विषय एकत्र घेता येतात. ओझे वाढते, यात शंका नाही. पण ते घेण्यापूर्वी निदान विचार तरी व्हावा.

औषधनिर्माणशास्त्राचे उदाहरण बोलके आहे. बी.फार्म.स गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणत्याही गटातून प्रवेश मिळतो. पण 2014 च्या नियमावलीनुसार ठरलेल्या अभ्यासक्रमात, ज्याने बारावीस गणित घेतले नाही त्यास पहिल्या सत्रात उपचारात्मक गणित शिकावे लागते. शेवटच्या सत्रात जीवसांख्यिकी आहे, आणि ती सर्वांस आहे. गणित टाकून आलेल्या मुलास ते पुन्हा भेटले, फक्त चार महिन्यांत आणि घाईने.

वाणिज्य शाखेत आपली मुले मोठ्या संख्येने जातात. अकरावीस तेथे ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ आणि ‘गणित व संख्याशास्त्र’ यांत निवड करावयाची वेळ येते. बहुतेक मुले पहिला विषय घेतात, कारण तो पाठ करता येतो. त्या विषयाची आम्ही निंदा करीत नाही. परंतु पुढे ज्यास सनदी लेखापाल व्हावयाचे आहे त्याच्या पहिल्याच परीक्षेत व्यापारी गणित व सांख्यिकी यांचा एक संपूर्ण पेपर आहे. बँका व विमा कंपन्या यांच्या भरतीपरीक्षांतही अंकगणित असतेच.

आणि कला शाखा? येथे एक गैरसमज दूर करावयाचा आहे. राज्य मंडळाचे गणित व संख्याशास्त्र हे पुस्तक विज्ञान शाखेपुरते नाही. ते कला व विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकविण्याची सोय असेल तेथे कला शाखेच्या मुलासही ते घेता येते. सोय आहे की नाही, हे मात्र विचारावे लागते; विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. अर्थशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यास ही गोष्ट जीवनमरणाची आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीस बारावीचे गणित असावेच लागते. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स व संख्याशास्त्र यांवाचून आजचे अर्थशास्त्र पुढे सरकत नाही. बाबासाहेबांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहा, पानोपानी आकड्यांचे तक्ते आहेत. त्यांच्या अर्थशास्त्राचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजातून आज अर्थशास्त्रज्ञ घडवावयाचे असतील, तर त्यांची वाट अकरावीच्या गणिताच्या वर्गातून जाते. मानसशास्त्र व समाजशास्त्र यांतही संशोधनाकडे वळणाऱ्यास सांख्यिकी चुकत नाही.

कायदा, भाषा, इतिहास यांस बारावीचे गणित लागत नाही. ज्या मुलाचे मन तेथे रमते त्याच्या मागे गणिताचा ससेमिरा लावू नका. वकील व लेखकही आपणांस हवेच आहेत. तरीही शालेय अंकगणित कोणालाच सुटत नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर 2015 पासून केवळ पात्रतेपुरता आहे. त्यात 33 टक्के मिळाले की पुरे. पण ते 33 टक्के न मिळाल्यास पहिल्या पेपरातील उत्तम गुणही व्यर्थ जातात, आणि त्या दुसऱ्या पेपरात दहावीच्या पातळीचे अंकज्ञान असते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे आहेत, मग उमेदवार कोणत्याही शाखेचा असो. 2022 पासून तेथे मुलींसही प्रवेश मिळू लागला आहे. दारात उभ्या असलेल्या त्या आईस हे कोणी सांगितले आहे काय?

1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळू लागल्या. धर्मांतरानंतर चौतीस वर्षे त्यासाठी झगडावे लागले. त्या सवलतीने अभियांत्रिकीच्या पात्रतेची अट 45 ऐवजी 40 टक्क्यांवर येते व जागा राखून ठेवली जाते. पण ज्या विषयाची परीक्षा द्यावयाची तो विषयच शिकला नसेल, तर राखीव जागा त्याच्यासाठी काय करणार? टक्क्यांत सूट मिळते, विषयात मिळत नाही.

2024 साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद पुढे आली. दहावीस गणितात वा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी मुलास उत्तीर्ण धरून पुढे जाऊ द्यावे, मात्र त्यास पुढे ते विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रकावर असावा, असे तिचे स्वरूप होते. नापास होऊन शाळा सोडणारी मुले वाचावीत, हा हेतू चांगला आहे. तरी त्या शेऱ्याचे आम्हांस भय वाटते. ज्या घरी शिकवणी आहे त्या घरातील मुलास 20 गुणांवर थांबण्याचे कारण पडणार नाही. जेथे शिकवणी नाही, शाळेत गणिताचा शिक्षक वर्षातून चार महिने आहे, तेथल्या मुलाच्या गुणपत्रकावर तो शेरा उमटेल, आणि घरात पेढे वाटले जातील.

तेव्हा यंदा ज्यांची मुले नववीत वा दहावीत आहेत त्यांनी निकालाची वाट पाहू नये. मुलास आताच विचारा की गणितातील नेमके काय अडते. बहुतेकांचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे: अपूर्णांक, म्हणजे पाचवी-सहावीतला धडा. तेथे अडलेला मुलगा वर्गसमीकरणास कसा पोहोचणार? ही उणीव एका उन्हाळ्याच्या सुटीत भरून निघते. तिला बुद्धीची कमतरता समजू नका. विहारात रविवारी वंदनेस येणाऱ्यांत कोणी ना कोणी बी.एस्सी. झालेला, पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा, बँकेत नोकरी करणारा असतोच. वंदनेनंतर सतरंजी गुंडाळण्यापूर्वी त्यास एक तास बसवून घ्यावे. फळा नसेल तर फरशीवर खडूने लिहिता येते.