मोकाट नसलेल्या पिल्लाचं काय?

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आणि क्रीडासंकुलांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. तेव्हापासूनची बहुतेक चर्चा बेवारस कुत्र्यांभोवतीच फिरते. चौसाळ्यासारख्या गावात मात्र बेवारस आणि पाळीव यांच्यातली रेषा पुसट असते. रात्री वस्ती राखणारं कुत्रं दिवसा मोकळंच हिंडतं. त्याला मालक आहे, नाव आहे. गळ्यात पट्टा नाही आणि पुष्कळदा लसही नाही. या कुत्र्याची जबाबदारी घरच्यांनाच घ्यावी लागेल, आणि ती पिल्लू तीन महिन्यांचं असल्यापासून.

गावाजवळून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. दुचाकीमागे कुत्रं धावतं, स्वार बिचकतो, पडतो. अशी मोडलेली मनगटं आमच्याकडे येतात, पण त्यांची नोंद अपघात म्हणून होते. श्वानदंशाच्या आकड्यांत ती दिसत नाहीत.

कुत्रं गाडीमागे का लागतं? पाठलाग हेच त्याचं बक्षीस असतं. गाडी दर वेळी पुढे निघून जाते आणि कुत्र्याला वाटतं, आपणच पिटाळली. रोज दहादा जिंकणारं कुत्रं सवय सोडत नाही. करवानीसारखं नजरेवर शिकार करणारं जातिवंत कुत्रं असेल, तर हलती वस्तू त्याला अधिकच खुणावते. मग मालक काठी घेतो. हाक मारल्यावर परत आलेल्या पिल्लाला मारलं, तर ते एवढंच शिकतं की परत जाण्यात मार आहे. गाडी दिसताच फटका बसला, तर गाडी आणि वेदना यांची सांगड बसते. भीती वाढते आणि भीतीपोटी चावाही.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. सुरुवात अंगणात, काहीही गडबड नसताना करावी. नाव घ्यावं, पिल्लाने तोंडाकडे पाहिलं की त्याच क्षणी भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्यावा. उशिरा दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा. हे जमलं की लांब दोरी बांधून रस्त्यापासून बरंच दूर उभं राहावं. गाडी दिसूनही पिल्लू तुकडा खातंय आणि हाकेला मान वळवतंय, तेवढं अंतर योग्य. ते ताठलं, खाणं सोडलं, तर आपण घाई केली, मागे सरकायचं. अंतर दिवसादिवसाने कमी करायचं. शेळ्या, कोंबड्या, खेळणारी पोरं यांच्याबाबतही हीच रीत. आठवडी बाजार अगदी शेवटी. पहिल्याच दिवशी तिथे नेणं म्हणजे बाराखडी न शिकवता परीक्षेला बसवणं. सहा-आठ महिन्यांच्या वयात शिकलेलं पुन्हा विसरल्यासारखं होतं. तेव्हा वैतागू नये, थोडं मागच्या धड्यावर यावं.

आपल्या जिल्ह्यातली खरी अडचण वेगळीच. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात आणि पिल्लू आजी-आजोबांकडे राहतं. शिकवणारा हात बदलला तरी हाकेचा शब्द आणि बक्षिसाची रीत तीच राहिली, तर फारसं बिघडत नाही. म्हणून जाण्याआधी आठवडाभर आजोबांनाच शिकवू द्यावं. पिल्लू सोबत कोपीवर नेणार असाल, तर निघण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून घ्या. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, पुढे दरवर्षी.

शिकवताना पिल्लाचे दात हाताला लागतात. ‘घरचंच आहे, लहान आहे’ म्हणून त्यावर हळद किंवा चटणी लावून गप्प बसणारे पुष्कळ भेटतात. रेबीज पिल्लांनाही होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा आहे, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते.