विश्लेषण : खिशातले ब्रेथ अ‍ॅनालायझर ‘निघा’ म्हणाले, तर गाडी काढायची का?

गळीत हंगाम आणि लग्नसराई अहिल्यानगर जिल्ह्यात जवळपास एकत्रच येतात. रात्री अकरानंतर नगर-मनमाड रस्त्यावर एकीकडे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, तर दुसरीकडे जेवण उरकून घराकडे निघालेल्या दुचाकी आणि मोटारी. त्यातल्या काही चालकांनी ‘थोडीशीच’ घेतलेली असते. ही ‘थोडीशी’ म्हणजे नेमकी किती, हे सांगणारे खिशात मावणारे यंत्र आता ऑनलाइन मिळते. फुंकर मारायची, आकडा बघायचा आणि ठरवायचे. पण त्या आकड्यावर किती विसंबावे?

कायद्याची मर्यादा किती?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ‘माझ्या यंत्रात कमी दाखवत होते’ हा बचाव नाकाबंदीवर चालत नाही. तिथे पोलिसांच्या यंत्राचा किंवा प्रयोगशाळेचाच आकडा धरला जातो.

यंत्र मोजते काय?

यंत्र रक्त तपासत नाही, फुप्फुसातून येणारी हवा तपासते. साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढे एक मिलिलिटर रक्तात, असे गृहीत धरून ते गणित करते. हे प्रमाण सरासरी आहे, माणसागणिक बदलते.

स्वस्त यंत्रांत बहुधा सेमीकंडक्टर सेन्सर असतो. माउथ स्प्रे किंवा मधुमेही व्यक्तीच्या श्वासातील अ‍ॅसिटोन यांनीही तो फसू शकतो. पोलीस वापरतात त्या प्रकारच्या यंत्रांत फ्युएल सेल असतो. त्यात अल्कोहोलच्या रासायनिक क्रियेतून वीज तयार होते आणि ती मोजली जाते. तो अधिक भरवशाचा, पण महाग. दोन्हींना ठरावीक काळाने कॅलिब्रेशन लागते. बॅग भरताना कपाटात सापडलेल्या दोन वर्षांपूर्वीच्या यंत्राचा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज.

आणखी एक मेख आहे. इंग्लंडमध्ये मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, अमेरिकेतील बहुतेक राज्यांतही तेवढीच. त्या बाजारपेठांसाठी बनवलेले यंत्र तिथल्या मर्यादेपर्यंत हिरवा दिवा दाखवू शकते, आणि तोवर आपल्याकडची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यामुळे दिव्याचा रंग नव्हे, आकडा आणि त्याचे एकक बघावे. आपली मर्यादा रक्तासाठी ०.०३ टक्के; एक लिटर श्वासाच्या हिशेबात साधारण ०.१४ मिलिग्रॅम.

फुंकर कधी मारायची?

शेवटच्या घोटानंतर लगेच नाही. तोंडात राहिलेल्या दारूमुळे आकडा फुगतो, म्हणून निदान १५ मिनिटे थांबावे लागते. उलट, पोटातली दारू रक्तात पूर्ण उतरायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो. भरपेट जेवणानंतर त्याहूनही जास्त. म्हणजे ढाब्याच्या पार्किंगमध्ये २५ दाखवणारे यंत्र राहुरी येईपर्यंत ४० दाखवू शकते. आकडा खरा असतो, पण तो त्या क्षणापुरता.

सकाळी तरी उतरलेली असते का?

इथे या यंत्राचा खरा उपयोग आहे. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलो वजनाच्या पुरुषाने रात्री नऊपासून असे चार पेग घेतले आणि शरीराने ताशी १५ मिलिग्रॅम या सरासरी वेगाने ते उतरवले, तर ३०च्या खाली यायला पहाटेचे सव्वासहा वाजतात. शून्यावर यायला सव्वाआठ. वेग कमी असेल तर आणखी उशीर. पहाटे पाचला पुण्याकडे निघालेल्या अशा चालकाला आपण ताजेतवाने झालो असे वाटत असते. कायद्याच्या लेखी तो अजून पिऊन गाडी चालवत असतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी झोप उडते, दारू उतरत नाही. ती फक्त वेळेने उतरते.

मग यंत्र घ्यावे की नाही?

घ्यावे, पण त्याला एकच अधिकार द्यावा : ‘नाही’ म्हणण्याचा. त्याने जास्त दाखवले तर किल्ली खाली. कमी दाखवले तर मात्र तो परवाना नव्हे. ३०च्या खालीही एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता घटू लागते, आणि समोरच्या हेडलाइटच्या झोतात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली वेळेत दिसायला नेमकी तीच लागते. ट्रॉलीला मागून धडकणाऱ्याला २९ आणि ३१मधला फरक वाचवत नाही. विमानाच्या वैमानिकांना म्हणूनच ३०ची नव्हे, शून्याची अट असते.

फ्रान्सने २०१२मध्ये प्रत्येक चालकाला गाडीत चाचणीचे साधन ठेवणे सक्तीचे केले. ते नसल्याबद्दलचा दंड मात्र प्रत्यक्षात कधी लागूच झाला नाही आणि २०२०मध्ये ही सक्तीही गेली. साधन गाडीत असले म्हणून चालक थांबतोच असे नाही. फुंकर मारण्याचा आणि आकडा मानण्याचा निर्णय शेवटी त्यालाच घ्यायचा असतो, तोही दारू पोटात असताना. अशा वेळी माणूस आपल्या सोयीचा आकडा येईपर्यंत तीनदा फुंकतो.

मोठ्या शहरात मोबाइलवरून टॅक्सी तरी मिळते. पारनेर, पाथर्डी, अकोल्याच्या गावांत शेवटची एसटी गेली की स्वतःच्या दुचाकीशिवाय पर्याय नाही, ही अडचण खरी आहे. म्हणूनच निर्णय पहिला ग्लास भरण्याआधी व्हायला हवा : कोण पिणार नाही आणि गाडी चालवेल, नाहीतर मुक्काम कुठे. पार्टी देणाऱ्याने जेवणाच्या ताटांबरोबर चार अंथरुणांचीही सोय केली, तर यंत्र खिशातून काढायची वेळच येणार नाही.