पडद्यामागचे बोल

आमच्या भाचीने बँकेतील नोकरी सोडून दूरचित्रवाणी मालिकांचे लेखन करण्यासाठी मुंबईस जावयाचे ठरविले, तेव्हा घरात जो गहजब झाला त्यात आमचा आवाज सर्वांत वरचा होता. ‘‘त्या धंद्यात आहे तरी काय?’’ या आमच्या प्रश्नास तिने उत्तर दिले नाही. आपला मोबाईल आमच्या हाती देऊन ती एवढेच म्हणाली, ‘‘मामा, आधी हे ऐका. मग बोलू.’’

ती होती ‘स्क्रिप्टनोट्स’ नावाची इंग्रजी ध्वनिमालिका. अशा मालिकांस पॉडकास्ट म्हणतात. आकाशवाणीवरील संभाषणांचेच हे धाकटे भावंड. मात्र येथे ऐकण्याची वेळ श्रोत्याने ठरवावयाची. जॉन ऑगस्ट आणि क्रेग मेझिन या हॉलिवुडमधील दोन पटकथालेखकांनी ही मालिका २०११ साली सुरू केली.

नटनट्यांच्या भानगडी कानी पडतील अशी आमची अटकळ होती. ऐकावयास मिळाले ते निराळेच. २०१६ च्या एका भागात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या मालिकेचे दोघे कर्ते आले होते. तिचा पहिलावहिला भाग काही मित्रांना दाखविला असता, दोन प्रमुख पात्रे सख्खी भावंडे आहेत हेच पाहणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते! त्या मित्रांत मेझिनही होते आणि त्यांनी दोष तोंडावर सांगितला. तो भाग बहुतांशी पुन्हा चित्रित करावा लागला. आपल्या फजितीची ही हकीकत ते कर्ते मोकळेपणाने सांगत होते.

दुसरा एक भाग २०१९ च्या ऑक्टोबरातला. विषय होता, लेखक-निर्मात्यांच्या हाताखाली टिपणे घेणाऱ्या, दूरध्वनी सांभाळणाऱ्या सहायकांचे तुटपुंजे वेतन. लॉस एंजेलिससारख्या महागड्या शहरात त्या पगारात भाडे भागविणेही कठीण. पुढे २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ असा १४८ दिवस अमेरिकेतील लेखकांचा संप चालला. मालिका पुन्हा दाखविली की लेखकास पूर्वी जे मानधन मिळे, ते इंटरनेटवरील नव्या व्यवस्थेत आटले होते. मालिकांचे भाग घटले, तसे कामाचे आठवडेही घटले. त्यातच यंत्राकडून लेखन करवून घेतले जाण्याची धास्ती. अखेरच्या करारात, यंत्राने तयार केलेला मजकूर लेखकाचे साहित्य मानला जाणार नाही, हे कलम आले.

हे ऐकताना आम्हांस आमच्या इंदुरातील गणेशोत्सवाची नाटके आठवली. विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग आम्हीही केले आहे. टाळ्या नटांना मिळत, आणि ते योग्यच होते. परंतु रात्री दोनला पडदे उतरविणाऱ्या गड्याने जेवण केले की नाही, हे आम्ही कधी विचारल्याचे स्मरत नाही. आम्ही हौशी होतो, हा काही बचाव नव्हे. तो गडी हौशी नव्हता.

आमची काळजी मिटली असे नाही. उलट ती वाढली. मात्र पूर्वी ती आंधळी होती, आता तिला डोळे आले. ‘हा धंदा वाईट’ असे आम्ही आता भाचीस सांगत नाही. करार वाचलास का, श्रेयनामावलीत नाव येईल का, मानधन किती दिवसांनी हाती पडते, असे विचारतो. यांतल्या काही प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी आहेत, काहींची नाहीत. जी नाहीत ती तिने वहीत टिपून घेतली.

पुढल्या आठवड्यात ती अवंतिका एक्स्प्रेसने निघावयाची आहे. वाचकांस आमचे मागणे एवढेच: मालिका संपून नावे सरकू लागली की आपण सारे उठतो. क्षणभर बसावे. त्या नावांत कुणाची तरी भाची असते.