मोडलेला पाय कोणाचा?

लीड्स युनायटेडच्या चाहत्यांमध्ये नॉर्मन हंटरचा एक किस्सा वर्षानुवर्षे सांगितला जातो. पाय मोडल्यामुळे हंटर घरी गेला, असे कोणीतरी संघाचे प्रशिक्षक लेस कॉकर यांना सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, ‘कोणाचा पाय?’ किस्सा खरा घडला की नंतर रचला गेला, हे फारसे महत्त्वाचे नाही. आपल्या क्लबच्या दांडग्या बचावपटूबद्दल चाहत्यांना काय वाटते, ते सगळे या दोन शब्दांत आले आहे. 1972 च्या एफए कप अंतिम सामन्यात वेम्बलीवर याच चाहत्यांनी ‘नॉर्मन पायाला चावतो’ असा फलक फडकवला. 17 एप्रिल 2020 रोजी कोविडने हंटरचा मृत्यू झाला तेव्हा इंग्लंडमधल्या बहुतेक मृत्युलेखांत ते बिरूद होतेच. इंग्लंडच्या प्रत्येक जुन्या क्लबाकडे अशी नावे आहेत. चेल्सीचा रॉन हॅरिस, लिव्हरपूलचा टॉमी स्मिथ, टॉटनहॅमचा डेव्ह मॅके, मँचेस्टर युनायटेडचा नॉबी स्टाइल्स. चाहते जमले की गोलांच्या आठवणी लवकर संपतात, या माणसांच्या संपत नाहीत. ही आठवण जपावी अशीच आहे, पण आज ती अर्धीच जपली जाते. कॉकर यांच्या नावावर असलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधत नाही.

आधी हे प्रेम समजून घ्यायला हवे, कारण त्याला नुसती हिंसेची आवड म्हणणे अन्यायाचे होईल. चाहत्यांच्या मनात घर करून राहिलेल्या या नावांपुढचे आकडे पाहावेत. हॅरिस चेल्सीसाठी 795 सामने खेळला, तो क्लबचा विक्रम आहे. हंटर लीड्ससाठी 726, स्मिथ लिव्हरपूलसाठी 638. ही माणसे पंधरा-वीस वर्षे एकाच रंगाचा शर्ट घालून एकाच गावात राहिली. त्यांच्या आधीच्या पिढीला तर आठवड्याला 20 पौंडांपेक्षा जास्त पगार देण्याची क्लबांना मुभाच नव्हती. ती मर्यादा 1961 मध्ये उठली. तिच्यानंतरही मैदानावरचा बचावपटू आणि स्टँडमध्ये उभे राहून सामना पाहणारा कामगार यांच्या राहणीत आजच्याएवढे अंतर पडले नव्हते. खाणीत किंवा गोदीत अंगमेहनत करणाऱ्या माणसाला आपल्यासारखाच घाम गाळणारा, लागले तरी न कुरकुरणारा खेळाडू आपला वाटला, यात नवल नाही. चाहते आठवत असतात ते त्याने आपल्या क्लबसाठी शरीर खर्ची घातले हे. टॅकल ही त्या खर्चाची डोळ्यांना दिसणारी खूण असते.

मात्र इथेच एक गफलत होते. मराठीत आपण कणखर माणूस आणि दांडगा माणूस वेगळे ओळखतो. कणखर सोसतो, दांडगा सोसायला लावतो. एकाच माणसात दोन्ही असू शकते, पण दोन्ही एक नव्हे. चाहत्यांच्या आठवणीत मात्र दुसऱ्याने पहिल्याला झाकून टाकले आहे. डेव्ह मॅकेचे उदाहरण घ्या. ऑगस्ट 1966 मधले एक छायाचित्र फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वात प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक मानले जाते. मॅकेने लीड्सच्या बिली ब्रेमनरचा शर्ट छातीपाशी मुठीत धरला आहे आणि ब्रेमनर हात पसरून उभा आहे. हे चित्र जगभर भिंतींवर लागले, पण मॅकेला स्वतःला ते आवडत नसे, कारण त्यात तो गुंडासारखा दिसतो. चित्रामागची गोष्ट निराळीच आहे. डिसेंबर 1963 मध्ये मॅकेचा डावा पाय मोडला होता. नऊ महिन्यांनी तो परतला आणि तोच पाय पुन्हा मोडला. ब्रेमनरने त्या दिवशी लाथ मारली ती नेमकी त्याच पायावर. त्याच हंगामाच्या शेवटी, मे 1967 मध्ये, मॅकेने कर्णधार म्हणून टॉटनहॅमला एफए कप जिंकून दिला. दोनदा मोडलेल्या पायावर उभे राहून कप उचलणे हा कणखरपणा. भिंतीवर मात्र आवळलेली मूठ लागली.

हंटरच्या बाबतीतही हेच झाले. ज्या अंतिम सामन्यात तो फलक फडकला, त्याच सामन्याच्या शेवटी लीड्सचा मिक जोन्स पडला आणि त्याचा हात सांध्यातून निखळला. पदक घ्यायला वेम्बलीच्या पायऱ्या चढणे त्याला कठीण जात होते. त्याला आधार देत वर घेऊन गेला तो हंटर. 1974 मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडण्याची प्रथा सुरू केली आणि पहिला मान हंटरलाच मिळाला, तोही खेळाडूंच्याच मतांनी. ज्यांच्या पायांना तो चावत होता म्हणतात, त्यांनीच त्याला निवडले. याचा अर्थ त्यांना त्याच्यात फलकावर न मावणारे बरेच काही दिसत होते.

आता पायाच्या मालकाकडे वळू. 1970 चा एफए कप अंतिम सामना चेल्सी आणि लीड्स यांच्यात वेम्बलीवर 2-2 असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी लीड्सच्या एडी ग्रेने चेल्सीच्या डेव्हिड वेबला इतके नाचवले की सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. 29 एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर फेरसामना झाला. चेल्सीने वेबला मध्यभागी हलवले आणि ग्रेच्या समोर रॉन हॅरिसला उभे केले. सुरुवातीलाच हॅरिसने ग्रेच्या गुडघ्यामागे लाथ घातली आणि उरलेला सामना ग्रे पहिल्यासारखा खेळू शकला नाही. चेल्सी अतिरिक्त वेळेत 2-1 ने जिंकली, विजयी गोल वेबचा. ब्रिटनमध्ये जवळपास 2 कोटी 80 लाख लोकांनी हा सामना दूरचित्रवाणीवर पाहिला. पंचांनी त्या रात्री एकाच खेळाडूला ताकीद दिली. पुढे 1997 मध्ये पंच डेव्हिड एलरी यांनी चित्रफीत पाहून आजच्या निकषांनी हिशेब केला, तेव्हा सहा लाल आणि वीस पिवळी कार्डे भरली. 2020 मध्ये मायकेल ऑलिव्हर यांचा हिशेब अकरा लाल कार्डांवर गेला. चेल्सीच्या चाहत्यांच्या आठवणीत हॅरिसची ती लाथ आजही अभिमानाने येते. ग्रेचे काय? सोळाव्या वर्षी मांडीच्या स्नायूला झालेली दुखापत त्याने कारकीर्दभर सोसली, तरी दोन दशकांच्या आसपास तो लीड्सखेरीज दुसऱ्या कोणाकडून क्लब फुटबॉल खेळला नाही. कणखरपणाची व्याख्या सोसण्यावर ठरवली, तर ग्रेचे नाव हॅरिसच्या वर लागेल. तो नजाकतीचा खेळाडू होता, म्हणून कणखरांच्या कोणत्याच यादीत तो नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, की तो काळच तसा होता. आक्षेपात तथ्य आहे. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडू उतरवण्याची मुभा 1965-66 पासूनच मिळाली. त्याआधी जखमी माणूस बाहेर गेला की संघ दहा जणांचा होई. 1956 च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मान मोडलेली असताना शेवटची सतरा मिनिटे गोलात उभा राहिला, त्याला हेही कारण होते. मागून होणारा धोकादायक टॅकल थेट लाल कार्डाचा गुन्हा ठरवण्याची सक्त सूचना पंचांना 1998 च्या विश्वचषकापासून मिळाली. पण काळ सगळ्यांनाच सारखा होता आणि त्या काळातही लोकांना फरक कळत होता. 1966 च्या विश्वचषकात स्टाइल्सने फ्रान्सच्या जॅक सिमोंला टॅकल केल्यावर इंग्लंडच्याच फुटबॉल संघटनेतून त्याला वगळण्यासाठी दबाव आला, पण इंग्लंडचे व्यवस्थापक आल्फ रॅम्सी यांनी तो मानला नाही. म्हणजे ‘त्या वेळी चालायचे’ हे अर्धेच खरे. त्या काळाच्या नियमांनी खेळाडूला मोकळीक दिली तशी इजाही दिली, आणि आपण मोकळीक आठवतो.

आपल्याकडेही हा फरक दाखवणारा एक मोठा माणूस होऊन गेला. मोहन बागानचा बचावपटू जर्नेल सिंग 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला मार लागून टाके पडलेले असताना अंतिम सामन्यात उतरला. प्रशिक्षक रहीम यांनी त्याला आघाडीला खेळवले. दक्षिण कोरियाविरुद्ध भारत 2-1 ने जिंकला, त्यात एक गोल त्याचा होता. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने खेळतात. शरीर कमावण्याची आणि झिजवण्याची किंमत तालमीत कळते, त्यामुळे हा मुद्दा तिथल्या चाहत्याला फोडून सांगावा लागणार नाही.

आठवणीचा सर्वात मोठा विसर मात्र खेळ संपल्यानंतरच्या वर्षांचा आहे. टॉमी स्मिथबद्दल लिव्हरपूलचे व्यवस्थापक बिल शँक्ली म्हणत की तो जन्मला नाही, खाणीतून काढला. त्या दगडी माणसाचे सांधे संधिवाताने गेले, गुडघे बदलावे लागले. 1996 च्या एफए कप अंतिम सामन्याच्या वेळी वेम्बलीवरच्या एका कार्यक्रमात त्याने पेनल्टी मारली, म्हणून त्याची अपंगत्वाची सरकारी मदत थांबली. शेवटच्या वर्षांत त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले आणि 2019 मध्ये तो गेला. स्मृतिभ्रंशाचा संबंध टॅकलपेक्षा डोक्याने चेंडू मारण्याशी जोडला जातो, हे खरे. पण हेही बचावपटूचे रोजचे काम होते. ग्लासगो विद्यापीठाच्या विली स्टुअर्ट यांच्या संशोधनगटाने स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. 2021 मध्ये त्याच गटाने आणखी बारकाईने पाहिले. गोलरक्षकांत धोका जवळजवळ सामान्य लोकांइतकाच, बचावपटूंमध्ये सुमारे पाचपट. आणि कारकीर्द जितकी लांब तितका धोका जास्त, पंधरा वर्षांपलीकडे तोही पाचपटीच्या आसपास. चाहत्यांनी ज्या दोन गोष्टींवर जीव लावला, बचावातली झुंज आणि क्लबला दिलेली लांबलचक वर्षे, त्याच या आकडेवारीत सर्वाधिक धोक्याच्या निघाल्या.

या खेळाडूंनी स्वतःच आपली दांडगी प्रतिमा मिरवली, जेवणावळीनंतरच्या भाषणांत तेच किस्से सांगून टाळ्या घेतल्या, मग आपण कोण सुधारणारे, असाही प्रश्न विचारला जातो. त्यांनी मिरवली हे खरे. पण खेळातून आयुष्यभर पुरेल एवढे न कमावलेल्या त्या पिढीकडे निवृत्तीनंतर विकण्यासारखे फारसे काही नव्हते. होती ती ही प्रतिमाच. तिला चाहत्यांनी दाद दिली यात वाईट काही नाही. मात्र जे तिच्यात बसत नव्हते ते सांगायला त्यांना श्रोते मिळाले नाहीत. आजारपण आठवल्याने त्यांचा दरारा कमी होतो, असे काही चाहत्यांना मनापासून वाटते. मला उलट वाटते. पुढे काय झाले हे ठाऊक असताना केलेला आदर जास्त टिकाऊ असतो. क्लबांनी या माणसांची नावे आणि चित्रे वस्तूंवर छापून विकावीत, पण त्यांच्या उपचारांची जबाबदारीही उचलावी, आणि चाहत्यांनी ती मागणी क्लबाकडे करावी. जुन्या माणसांवर एवढे प्रेम करणारे लोक हे मागणार नाहीत, तर दुसरे कोण मागेल?

नॉबी स्टाइल्सने 2010 मध्ये कुटुंबाची सोय व्हावी म्हणून आपली पदके लिलावात विकली. विश्वचषकाचे आणि युरोपियन कपचे पदक मँचेस्टर युनायटेडने आपल्या संग्रहालयासाठी विकत घेतले. ऑक्टोबर 2020 मध्ये तो गेल्यावर स्टुअर्ट यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा आजार त्यात आढळला.