पुस्तकाचे प्रकाशन दुकानातच करा!

आपल्या समाजातील एखादा निवृत्त शिक्षक किंवा जुना कार्यकर्ता गावोगाव हिंडून तालुक्यातील चळवळीचा इतिहास लिहितो. पदरमोड करून छापतो. मग सभागृह, शाल, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांची लांबलचक भाषणे! बऱ्याच प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटल्या जातात, उरलेले गठ्ठे लेखकाच्या पलंगाखाली जातात. वर्षभराने कोणी विचारले तर पुस्तक मिळत नाही. ही पद्धत आता बदला, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा पुस्तकाचे प्रकाशन जिल्ह्याच्या गावी आपली पुस्तके विकणाऱ्या लहान दुकानात झाले पाहिजे.

‘दुकानात माणसे मावत नाहीत, पुस्तकाचा मान राहत नाही,’ असे काही जण म्हणतील. पण पुस्तकाचा मान हारात असतो की वाचकाच्या हातात? सभागृहाला रात्री कुलूप लागते. दुकान मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते आणि पुस्तक मांडणीवर असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला गोरगरीब माणूस पिशवी भरून पुस्तके नेतो, याचा आम्हाला अभिमान आहे. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे काय?

प्रश्न केवळ विक्रीचा नाही. २० मार्च १९२७ चे चवदार तळे आणि २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. पण तुमच्या गावातून तिथे कोण गेले? परतल्यावर कोणावर बहिष्कार पडला? हे मनुवादी इतिहासकार लिहिणार नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभे राहिले. वसंत मून यांच्या ‘वस्ती’मुळे नागपूरची एक वस्ती इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे वीस वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. आणखी किती वाट पाहणार?

म्हणून दुकानातल्या प्रकाशनाला पुढाऱ्याऐवजी या वृद्धांना बोलवा. पुस्तकात चुकलेले नाव, राहून गेलेली वस्ती ते जागेवर सांगतील. त्यासाठी दुकानात एक वही ठेवा. दुसरी आवृत्ती त्या वहीतून निघेल. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. स्वखर्चाने छापणाऱ्याने हे काम टाळू नये. आपला इतिहास सरकारी नोंदीतही असलाच पाहिजे.

आणि बांधवांनो, पुस्तक विकत घ्या! लेखकाकडे फुकट प्रत मागू नका, दुकानदाराचे कमिशन बुडवू नका. जयंतीच्या डीजेला वर्गणी देणाऱ्या हाताला आपल्याच गावाच्या इतिहासाचे मोल जड होत असेल, तर इतरांनी आपला इतिहास पुसला, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची?