पोर्तुगीज न वाचता तौलनिक कायद्याची पीएचडी!

गोव्याच्या समान नागरी कायद्यावर लिहिलेले तीन प्रबंध मी मागच्या वर्षी चाळले. तिघांच्याही ग्रंथसूचीत पोर्तुगीज पुस्तक एकही नाही. मग तुलना केली ती कशाची? एका इंग्रजी पुस्तकाची दुसऱ्या इंग्रजी पुस्तकाशी!

मूळ संहिता १८६७ची. गोव्यात ती १ जुलै १८७० पासून लागू झाली. पोर्तुगालने स्वतः १९६७ पासून नवी संहिता आणली, आम्ही मात्र जुनीच जपून ठेवली. वारसाहक्काचा भाग तेवढा गोव्याने २०१२च्या कायद्याने नव्याने मांडला. सरकारने संहितेचा अधिकृत इंग्रजी अनुवाद छापला तो थेट २०१८ साली!

आता अनुवाद आहे ना, मग पोर्तुगीज कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांना मी दोन शब्द सांगतो, 'मेयासांव' आणि 'लेजितिमा'. आपल्या बोलण्यात दोन्हींचा अर्थ 'अर्धा वाटा' एवढाच उरतो. प्रत्यक्षात मेयासांव हा वारसा नव्हेच. नवराबायकोची सामाईक मालमत्ता दहा लाखांची असेल तर त्यातले पाच लाख बायकोचे पहिल्यापासूनच असतात. नवरा वारला म्हणून ते तिला मिळत नाहीत. मुले असतील तर उरलेल्या पाचांतला अर्धा भाग त्यांचा लेजितिमा. नवऱ्याने मृत्युपत्र करायचे ते बाकीच्या अडीच लाखांचे. हे दोन 'अर्धे' एकमेकांत मिसळले की विधवेच्या हक्काचा पैसा कागदावरच दुसऱ्याच्या नावे जातो.

'समान' शब्दाचेही तसेच. १८८०च्या हुकुमाने हिंदूंच्या रूढी वेगळ्या नोंदवल्या, त्यात काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभासुद्धा होती. व्यवहारात ती मृतवत, हे खरे. पण डॉक्टरेट मिळवणाऱ्याने निदान तिचा उल्लेख तरी करावा की नाही?

आणि तुलना नेहमी फ्रान्स-जर्मनीशीच का? आशियातली आमची भावंडे जवळच आहेत. मकावची संहिता १९९९ची, चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत. पूर्व तिमोरची २०११ची. त्यांनी पोर्तुगीज साच्यातून काय घेतले आणि काय टाकले, यावर एक चांगला प्रबंध आमच्याकडून यायला हवा होता.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकायची सोय आहे. या विषयात नोंदणी करू पाहणाऱ्याची आधी पोर्तुगीज वाचनाची परीक्षा घ्या, एवढेच माझे मागणे. मार्गदर्शकांनाही त्या परीक्षेला बसवले तरी माझी हरकत नाही.